इंद्रावतीच्या वाळूतली वाट

घुग्घुसच्या उघड्या कोळसा खाणीत रोशनी खोब्रागडे डंपर चालवायची. रस्त्यावर गिट्टी टाकत फिरतो तो डंपर नव्हे. याचं चाकच माणसाच्या डोक्यावरून वर जातं आणि केबिनमध्ये बसायचं तर शिडी चढून जावं लागतं. सुरुवातीला खाणीतले जुने लोक तिच्याकडे कौतुकानं कमी आणि काळजीनं जास्त बघायचे. पुढे सवय झाली, त्यांनाही आणि तिलाही. खड्ड्यातून माती भरून घ्यायची, वर ढिगावर नेऊन ओतायची, परत खाली यायचं. पाणी मारून दाबलेला रुंद रस्ता, दोन्ही कडांना मातीचे बांध आणि कानाशी अखंड बोलणारा वॉकीटॉकी. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कोणाला वाट द्यायची, सगळं कोणीतरी सांगायचं.

त्याच त्या चकरा मारताना तिच्या मनात एक इच्छा घर करून बसली होती. आपली स्वतःची गाडी असावी आणि जिथे रस्ता संपतो तिथून ती पुढे न्यावी. पावसाळा सरल्यावर तिनं एक जुनी जिप्सी घेतली. पत्रा ठिकठिकाणी ठोकून सरळ केलेला, सीटचं रेक्झिन फाटलेलं, पण इंजिन खणखणीत आणि चारही चाकांना जोर देणारा छोटा दांडा शाबूत.

तिच्याच शिफ्टमधल्या विक्कीनं तिला वाट सुचवली. "इंद्रावतीकडे एका गावानं नवशिक्यांसाठी गाडीवाट काढली आहे. सागाचं जंगल, एक कोरडा नाला, मंग नदीची वाळू. गावातला माणूस संग बसते. सोपी आहे. तू तर डोये मिटून चालवशीन."

रात्री जेवताना रोशनीनं हे आईला, कमलाबाईला, सांगितलं. वडील नेहमीप्रमाणे खाली मान घालून जेवत होते. मधेच त्यांनी हात थांबवला आणि विचारलं, "मी येऊ काय?"

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. सोमाजींनी कुठे जायचं म्हणून स्वतःहून विचारलं, असं रोशनीच्या आठवणीत नव्हतं. जन्मभर ते जमिनीखालच्या खाणीत टिंबरमन होते. कोळसा काढून मोकळ्या झालेल्या जागी लाकडी थुण्या ठोकून छत तोलून धरायचं, हे त्यांचं काम. अंधारात उजेड तो टोपीवरच्या बत्तीपुरता. रिटायर झाल्यावर ते घरापुढे खुर्ची टाकून बसायचे आणि सिमेंटच्या, कोळशाच्या ट्रकांकडे बघत राहायचे. छातीत कोळशाची धूळ साचली होती. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची आणि खोकला आला की लवकर थांबत नसे.

"तिथी धक्के बसतीन, बाबा," रोशनी म्हणाली. "थंडी राहीन सकाळी."

"कानटोपी आहे माह्यापाशी."

कमलाबाई म्हणाल्या, "ने त्याईले. ट्रक मोजू मोजू माणूस येडा होऊन राह्यला."

तर जानेवारीच्या शेवटाला बापलेक निघाले. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीला नात्यातल्या एका घरी मुक्काम केला आणि उजाडताच पुढे लागले. आलापल्ली सोडली तसं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडलं. सोमाजी खिडकीच्या कडेला हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "जरा थांबव."

रोशनीला वाटलं, खोकला आला. तिनं गाडी कडेला घेतली. सोमाजी उतरले, पाचोळ्यातून चार पावलं आत गेले आणि एका ऐनाच्या झाडासमोर उभे राहिले. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, कवेत न मावणारं खोड. त्यांनी तळवा त्या सालीवर टेकवला आणि मान मागे करून वर बघायला लागले. झाड वर वर जात होतं. त्याच्या टोकाला नुकतंच ऊन लागलं होतं, खाली मात्र अजून पहाटेचा गारवा होता. त्यांची कानटोपी मागे सरकून पडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

रोशनीनं टोपी उचलली. "काय पाहून राह्यले?"

"हे लाकूड मी लय लावलं खाली," सोमाजी म्हणाले. "कापून, सोलून यायचं. माह्या उंचीचं. मले वाटे, एवढंच असते."

टोपी डोक्यावर ओढून ते गाडीत येऊन बसले.

गाव लहानसं होतं. बांबूची कुंपणं, सारवलेली अंगणं, कोंबड्या, आणि घराघरापुढे मोहाच्या लाकडाचे ढलपे रचून ठेवलेले. वाटाड्या म्हणून लालसू त्यांच्यासोबत येणार होता. पन्नाशीचा, अंगानं सडसडीत माडिया माणूस, खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला. सोमाजींनी "जय भीम" म्हटलं, त्यानं "जोहार" म्हटलं आणि दोघं जुनी ओळख असल्यासारखे हसले.

लालसूनं गाडीला एक फेरी मारली, टायर दाबून बघितले. "हवा सोडा, बाई. टायर नरम पाहिजे. वाळूत कडक टायर रुतते."

रोशनीला हे ऐकून माहीत होतं, पण चांगल्या टायरची हवा आपल्या हातानं सोडायला मन घेईना. डंपरच्या टायरला हवा कमी दिसली तर काम थांबतं. तिनं वॉल्व्हची टोपी काढली, काडी टोचली, आणि सूं करत हवा जाताना स्वतःचाच श्वास चालल्यासारखं तिला वाटलं.

वाट खरोखरच सोपी होती. सागांच्या मधून गेलेली जुनी बैलगाडीची चाकोरी, वळणावळणावर झाडाला चुन्याचा पट्टा. तरी पहिल्या चढावर रोशनीचे तळवे घामेजले. खाणीत ती उंच बसून खालच्या जगाकडे बघायची. इथे जमीन थेट कंबरेला येऊन धडकत होती. मुळी आली की गाडी डोलायची, दगड आला की स्टिअरिंग हातातून सुटू बघायचं.

"पकडू नका इतकं," मागून लालसू म्हणाला. "गाडीले माहीत आहे. तुम्ही फक्त सोबत राहा."

कोरडा नाला आला. गोल गुळगुळीत दगडांनी भरलेला. लालसू उतरला आणि समोर चालत हातानं वाट दाखवू लागला. डावं चाक या दगडावर, उजवं त्या खळग्यात. रोशनीनं छोटा दांडा ओढून चारही चाकं जोडली, पहिल्या गिअरमध्ये टाकलं आणि पाय जवळजवळ सोडूनच दिला. जिप्सी एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखी एकेक पाय जपून टाकत पलीकडे चढली. सोमाजींनी पुढच्या कांबीला धरलेला हात सैल केला आणि लेकीकडे बघून मान हलवली. तेवढ्यानं तिला बरं वाटलं.

मग अचानक झाडं संपली.

समोर इंद्रावती होती. खरं तर समोर वाळू होती, आणि वाळूच्या पार पलीकडे नदी. रोशनीनं मोकळी जागा म्हणून आजवर खाणीचा खड्डाच पाहिला होता, काळा, पायऱ्यापायऱ्यांचा, यंत्रांनी भरलेला. ही मोकळीक वेगळी होती. पांढरट पिवळी वाळू दोन्ही बाजूंना नजर पुरेल तिथवर पसरली होती, वाऱ्यानं तिच्यावर बारीक बारीक वळ्या पाडल्या होत्या. पाणी दूरवर निळ्या सुतासारखं दिसत होतं आणि त्याच्या पल्याड छत्तीसगडचं रान धुक्यात उभं होतं. माणूस नाही, घर नाही, विजेचा खांब नाही.

"जाऊ द्या," लालसू म्हणाला. "पाण्याच्या अलीकडे त्या जांभळाच्या झुडपापर्यंत वाट आहे. एकच सांगतो. ब्रेक नाई मारायचा. थांबायचं तर आपोआप थांबू द्यायचं."

जिप्सी वाळूत उतरली आणि इंजिनचा आवाजच बदलला. गाडी चालत नव्हती, तरंगत होती. स्टिअरिंग फिरवलं की जरा उशिरानं तोंड वळायचं. रोशनीच्या छातीत काहीतरी हलकं झालं आणि तिला कधी नव्हे ते गाडी चालवताना हसू फुटलं. तेवढ्यात समोर वाळूचा एक उंचवटा आला. त्याच्या पलीकडे काय आहे ते दिसेना. इतक्या वर्षांची सवय. तिचा पाय ब्रेकवर गेला.

गाडी थांबली. तिनं परत गती दिली तशी चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली बसली. अजून गती दिली, अजून बसली.

"बस," लालसू शांतपणे म्हणाला. "बंद करा."

इंजिन बंद झालं. रोशनीला इतकी शरम वाटली की तिला खाली उतरवेना. लालसूला मात्र त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. "सगळे फसतात," म्हणत तो चाकापाशी बसला आणि हातांनी वाळू उपसायला लागला. रोशनीही दुसऱ्या चाकापाशी बसली. सोमाजींनी कानटोपी सारखी केली, धोतराचा काचा खोचला आणि तेही गुडघ्यांवर आले.

"बाबा, तुम्ही राहू द्या. धूळ जाईन छातीत."

"हे धूळ नोय. ही धुतलेली आहे." त्यांनी मूठभर वाळू उचलून दाखवली. ओली, गार, चकाकणारी. ते हळूहळू उपसत राहिले, चाकाच्या पुढे उतार करत, कडा थापटून पक्क्या करत.

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन अंगावर येऊ लागलं होतं. एकाएकी सोमाजींनी हात वर केला.

"थांबा."

रोशनी थांबली. तिला काही ऐकू येत नव्हतं. नदीचा दूरवरचा सळसळाट, एक टिटवी. सोमाजींनी तळवा वाळूवर सपाट ठेवला होता आणि मान वाकडी करून ते ऐकत होते. खाणीत छत बसायच्या आधी थुणी कुरकुरते, तो आवाज ऐकण्यासाठी जन्मभर ताणलेले कान होते ते.

"काहीतरी येऊन राह्यलं," ते म्हणाले. "जड आहे."

लालसूनं मागे, ज्या रानातून ते आले होते त्याच्या थोडं उजवीकडे बघितलं. त्याचा चेहरा पालटला. तो घाबरला नव्हता, पण आवाज एकदम खाली गेला. "गाडीत बसा. दार आपटू नका, आवाज होईन. हलू नका."

तिघं आत बसले. झाडांच्या काळपट सावलीतून सावलीचाच एक तुकडा सुटून पुढे आला. मग दुसरा. मग एकामागून एक, काळे, मोठे.

"रानम्हशी," लालसू कुजबुजला. "आमी पावलं पाहतो. म्हशी नाई दिसत. माह्या बापानं पाह्यला होता असा कळप."

गोठ्यातली म्हैस सगळ्यांनीच पाहिलेली असते. रोशनीच्या आजीकडेही होती. पण ते जनावर आणि हे जनावर यांच्यात काय नातं आहे ते तिला समजेना. पुढची म्हैस उंच, आखीव, पाटीच्या दगडातून घडवल्यासारखी. पाय गुडघ्यांपर्यंत मळकट पांढरे, गळ्याखाली पांढरट चंद्रकोर. आणि शिंगं! ती डोक्यातून निघून दोन्ही बाजूंना एवढी दूर गेली होती की माणसानं दोन्ही हात पसरले असते तरी पुरले नसते. एवढं वजन तोलूनही तिची मान सहज डुलत होती. तिच्या बाजूला करड्या रंगाचं एक रेडकू दुडदुडत होतं.

कळप सरळ पाण्याकडे निघाला होता आणि रुतलेली जिप्सी त्यांच्या वाटेतच होती.

रोशनीचा हात चावीकडे गेला. मग तिच्या लक्षात आलं, चालू करून तरी जायचं कुठे. तिनं हात मांडीवर ठेवला. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. आणि गंमत अशी की हे कळल्यावर तिची भीती जरा ओसरली आणि डोळे मोकळे झाले.

म्हशी गाडीच्या दोन्ही बाजूंनी वाहू लागल्या. पाण्यात दगड असावा आणि प्रवाहानं दुभंगून त्याच्या कडेनं जावं, तशा. त्यांचे श्वास ऐकू येत होते. चिखलाचा, गवताचा, उन्हाचा वास आला. एकीची कूस दाराला घासली आणि गाडी हलकेच डोलली. रोशनीच्या कोपरापासून हातभर अंतरावर एक डोळा सरकत गेला, ओला, काळा. त्यात तिला वाकडंतिकडं आकाश आणि जिप्सीची कांब दिसली.

सगळ्यांच्या मागून रेडा आला. तो मात्र पुढे गेला नाही. बॉनेटसमोर येऊन उभा राहिला. जिप्सीच्या काचेत मावत नव्हता इतका मोठा. त्यानं नाक उचललं, वारा हुंगला, आणि मान खाली घालून धुळकट पत्र्यावर एक लांब श्वास सोडला. पत्र्यावरची धूळ भुरकन उडाली.

आणि त्याच वेळी रोशनीला बाजूनं ती बारीक शिट्टी ऐकू आली. वडिलांना खोकला येत होता.

सोमाजींनी कानटोपीच तोंडावर दाबून धरली होती. डोळे लाल झाले होते, गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. रोशनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या पाठीखाली खोकला धडका देत होता. लालसूनं मागून त्यांचा खांदा घट्ट धरला. सोमाजींनी मान हलवली. जमेना.

खोकला फुटला. एकदा, आणि मग धरण फुटल्यासारखा, वाकवून टाकणारा, अख्ख्या खाणीची धूळ बाहेर काढू बघणारा. त्या एवढ्या शांत वाळवंटात तो आवाज दूरवर गेला. पाण्यापाशी पोचलेल्या म्हशींनी एकदम माना वर केल्या.

रेडा हलला नाही. त्यानं शिंगं जरा तिरकी केली आणि काचेतून आत, त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघितलं. खोकला चालूच होता आणि तो बघतच होता. रागानं नाही. एखादा ओळखीचा आवाज कुठला ते आठवावं, तसा. सोमाजींनी ओले डोळे पुसले आणि टोपी तोंडावरून खाली घेतली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दोघं एकमेकांसमोर नुसते होते. मग रेड्यानं एक फुत्कार टाकला, वळला आणि सावकाश, कसलीही घाई नसलेल्या धन्यासारखा पाण्याकडे चालू लागला.

कळप नदीत उतरला. आधी पाय गेले, मग पोटं, मग पाठी. शेवटी नुसत्या शिंगांच्या जोड्या पाण्यावरून तरंगत पलीकडच्या धुक्याकडे जाताना दिसल्या. रेडकाचं डोकं आईच्या मानेशी टेकलेलं होतं. पल्याडच्या काठावर ते एकेक करून वर आले, अंगावरचं पाणी उन्हात चमकलं आणि रानानं त्यांना पोटात घेतलं.

रोशनीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती रडत होती असंही नव्हतं. लालसूनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले होते.

"त्यानं मले ऐकलं," अखेर सोमाजी म्हणाले. आवाज फाटलेला होता. "दवाखान्यात डॉक्टर ऐकते. घरी तुमी ऐकता अन् काळजी करता. यानं नुसतं ऐकलं."

लालसू खाली उतरला. उरलेली वाळू उपसायला त्यांना फार वेळ लागला नाही. सोमाजींनी थापटून केलेला उतार तसाच पक्का होता. रोशनीनं या वेळी घाई केली नाही. मागे घेतली, परत अलगद पुढे, आणि चाकांनी धरलं. उंचवट्यावर गाडी स्वतःच्या चालीनं चढली आणि पलीकडे उतरली. पुढे पाण्यापर्यंत सपाट, कठीण, ओलसर वाळू होती. ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबली.

रोशनी उतरली, गाडीला वळसा घालून वडिलांच्या बाजूला आली आणि दार उघडलं. का ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"सरका बाबा, तिकडे बसा."

"कुठी?"

"स्टिअरिंगवर."

सोमाजी तिच्याकडे बघत राहिले. "मले नाई येत. मी सायकलीच्या वर काई चालवलं नाई."

"ही वाट नवशिक्यांचीच आहे," लालसू म्हणाला. "अन् इथी धडकायले काय आहे, भाऊ?"

सोमाजी सरकले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. रोशनी शेजारी बसली. क्लच कुठला, पाय कसा सोडायचा ते सांगितलं. पहिल्यांदा गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही. सोमाजी ओशाळले नाहीत. जीभ दातांत धरून त्यांनी परत चावी फिरवली. तिसऱ्यांदा जिप्सी गुरगुरली, हलली आणि चालायला लागली, पायी जाणाऱ्या माणसाच्या वेगानं, त्या अफाट मोकळ्या वाळूत.

"चालली," सोमाजी म्हणाले. बराच वेळ ते तेवढंच म्हणत होते. "चालली. चालली पाह."

डावीकडे नदी, वर आकाश. समोर ओल्या वाळूत कळपाच्या खुरांचे ठसे उमटले होते, ताटलीएवढे, खोल. त्यांत पाझरलेलं पाणी साचून प्रत्येकात आभाळाचा एक तुकडा पडला होता. गाडी थेट त्यांच्यावर निघाली होती. रोशनीनं तोंड उघडलं, पण तिला सांगावं लागलं नाही. सोमाजींनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे वळवायला सुरुवात केली, थोडं, अजून थोडं, आणि जिप्सीनं जरा उशिरानं का होईना, त्यांचं ऐकलं. ठशांची सगळी रांग डावीकडे तशीच अखंड ठेवून ते पुढे निघाले.